सुंदराच्या नावाचं खातं

१२ जानेवारी

ही डायरी मेडिकलवाल्या धवलने दिली. माझी औषधं वाढली तशी त्याची डायरीही जाड होत चालली आहे. गेल्या वर्षीची खिशात मावत होती.

साकीनाक्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो तेव्हा रोज संध्याकाळी आवक-जावक लिहायचो. रिटायर झालो तरी सवय सुटली नाही. जे लिहिलं नाही ते आलंच नाही, आणि जे लिहिलं नाही ते गेलंच नाही, असं आमचं स्टोअरचं शास्त्र. तर आजची आवक म्हणजे अँजिओग्राफीचा रिपोर्ट. हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल आणि लांबवू नका. मी म्हटलं, "थोडं घरचं काम आहे, तेवढं उरकतो." ते म्हणाले, "पाईकराव, आता हेच घरचं काम समजा."

घरचं काम म्हणजे माझ्या बायकोचं, सुंदराचं, बँकेतलं खातं. आमच्याकडे सगळं माझ्या नावावर आहे. घर, गॅस, विजेचं बिल, पेन्शन, फंडाची रक्कम. सुंदराच्या नावावर एक आधार कार्ड आणि एक पॅन कार्ड, बस. आमच्याच मजल्यावरचा शिवदास दिवाळीत गेला. त्याचंही असंच होतं. त्याची लता अजून बँकेचे उंबरे झिजवते आहे. आज हा दाखला आणा, उद्या तो आणा, परवा साहेब रजेवर. नवऱ्याचे पैसे बँकेत सुखरूप आहेत आणि बाई भावाच्या दारात हात पसरते. मला तिच्याकडे बघवत नाही, कारण बघितलं की तिच्या जागी सुंदरा दिसते.

म्हणून ठरवलं. आधी सुंदराचं स्वतःचं खातं, मग ऑपरेशन. चलन फाडल्याशिवाय माल गेटबाहेर सोडायचा नाही, हा नियम नोकरीत कधी मोडला नाही. आता स्वतःच गेटबाहेर जायची वेळ आली म्हणून का मोडायचा?

सुंदराला ऑपरेशनचं बोललो नाही. "नळीत थोडा कचरा आहे, गोळ्यांनी जाईल," असं सांगितलं. तिने मान हलवली. रात्रीच्या भाजीत मीठ अगदी कमी होतं. हल्ली तिचा हात बिघडला आहे.

१६ जानेवारी

बँकेत गेलो. काउंटरवरची मुलगी गोड होती, पण जागची हलली नाही. म्हणाली, "काका, जॉइंट करायचं तरी काकूंची नवीन केवायसी लागणार. त्यापेक्षा ॲपवरून त्यांचं खातं उघडा ना. घरबसल्या, पाच मिनिटांत." तिच्या मागे बोर्ड होता. त्यावर एक आजोबा आणि आजी मोबाईलकडे बघून हसत होते. दोघांचेही सगळे दात शाबूत होते.

घरी येऊन ॲप उघडलं. सुंदराचा आधार नंबर टाकला, ओटीपी माझ्या मोबाईलवर आला, टाकला. उत्तर आलं की हा मोबाईल नंबर दुसऱ्या ग्राहकाच्या नावे आहे. तो दुसरा ग्राहक म्हणजे मीच! आधार काढलं तेव्हा घरात एकच फोन होता, तोच नंबर दोघांच्या कार्डाला दिला. आमच्या असल्फ्याच्या या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा, प्रत्येक म्हातारीच्या आधारला म्हाताऱ्याचा नंबर आहे. एका घरात दोन माणसं राहतात हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी सुंदरासाठी नवीन सिम आणि साधासा फोन घेतला. ती म्हणाली, "मला कोण फोन करणार? करणारे तर तुमीच, अन् तुमी तर घरातच असता."

मी म्हटलं, "नसलो कधी तर?"

ती भांडी घासायला उठली. जेवणं व्हायची होती.

२१ जानेवारी

नवा नंबर आधारला जोडायला केंद्रावर गेलो. लाईन मोठी होती. जिन्यात दोनदा थांबलो, सुंदराला म्हटलं चपलेचा पट्टा सैल झाला आहे.

मशीनवर सपना नावाची मुलगी होती. तिने सुंदराचं बोट काचेवर ठेवलं, दाबलं, पुसलं, क्रीम लावली, पुन्हा दाबलं. दहाही बोटं झाली. एकाचाही ठसा येईना. "आजी, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत हो," ती म्हणाली. नसणारच. सुंदराने उभी उमर साकीनाक्याला प्लॅस्टिकच्या मालावरचे डाग थिनरने पुसले. मी स्टोअरमध्ये ते थिनरचे डबे आवकेत लिहून घ्यायचो, आणि पलीकडे ती त्यात बोटं बुडवायची.

मला धास्ती बसली की आता हे इथेच अडणार. पण सपनाने दुर्बिणीसारखं यंत्र तिच्या डोळ्यांसमोर धरलं, आणि काम झालं. सुंदरा खूश झाली. "बोटं कारखान्यानं नेली, डोळे तेवढे राहिले माझ्याकडं," असं म्हणून हसली.

तेवढ्यात सपनाला तिच्या दंडावरचं हिरवं गोंदण दिसलं. "आजी, हे कुणाचं नाव?"

सुंदराने पदर ओढून दंड झाकला आणि माझ्याकडे बघून लाजली. सहासष्ट वर्षांची बाई! मीच सांगितलं, "माझं आहे. धोंडिराम." लग्नाच्या वर्षी हिंगोलीकडे गोंदणारीण आली होती. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून कागदावर नाव मी काढून दिलं होतं आणि तिने तेच वळण टोचलं. 'डि'ची वेलांटी थोडी वाकडी आहे, ती माझीच.

३० जानेवारी

नंबर जोडला गेला. आज फॉर्म भरला. सुंदरा शेजारी बसली होती. ती अक्षर लावून वाचते, घाईत वाचत नाही, पण वाचते.

नॉमिनीच्या रकान्यात आमच्या मुलीचं, संघमित्राचं नाव टाकलं. ती मुलुंडला लॅबमध्ये नोकरीला आहे, वय कमी आहे, हिशोबाने तेच बरोबर.

"खाली कुणाचं नाव टाकलं?" सुंदराने विचारलं.

"संघमित्राचं. तुझ्यामागे पैसे कुणाला मिळायचे ते लिहावं लागतं."

"तुमचं कामून नाही?"

"अगं, माझं टाकून काय उपयोग?"

हे बोलून गेलो आणि पुढचं पान उघडलं. ती त्या रकान्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "बंद करा ते, डोळे दुखायले." ॲप बंद केलं. आता ओळख पटवायला बँकेकडून येणारा व्हिडिओ कॉल तेवढा राहिला.

२ फेब्रुवारी

दुपारी लता आली होती. ती मालवणकडची. बोलायला लागली की थांबत नाही, आणि शिवदास गेल्यापासून तर अजिबात नाही. मी आतल्या खोलीत पडलो होतो, तरी ऐकू येत होतं.

"काय सांगू गो सुंदरा, उभ्या जन्मात ह्यांचं नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. दिवाळीच्या आधी रेशनच्या ऑफिसात गेले. तो मेलो म्हणता, नवऱ्याचं नाव मोठ्यानं सांगा, ऐकायला येत नाही. सांगितलं. परत विचारलं, परत सांगितलं. आठवडा नाही झाला गो. माझ्याच जिभेनं घालवलं मी त्यांना."

मला राहवलं नाही. आतूनच ओरडलो, "लताबाई, शिवदासला दारूने नेलं, नावाने नाही!"

ती चहा अर्धा ठेवून गेली. सुंदराने तो अर्धा कप माझ्यासमोर आणून आपटला. खरं बोललं की राग येतो, जगाची रीतच आहे. विहारात इतकी व्याख्यानं ऐकतो आपण, ही तर पहिल्या रांगेत बसते. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं म्हणे. तसं असतं तर आमचा फोरमन जन्मला त्याच दिवशी मेला असता. सगळा कारखाना दिवसभर त्याचंच नाव घ्यायचा, तेही कशाकशासोबत.

५ फेब्रुवारी

व्हिडिओ कॉल फसला.

तयारी मी चोख केली होती. खिडकीजवळ खुर्ची ठेवली. पॅन कार्ड, कोरा कागद, काळं पेन. सुंदराने संघमित्राच्या लग्नातली निळी साडी नेसली. पलीकडे अनुपमा म्हणून एक मुलगी होती, मराठी चांगलं होतं तिचं. खोलीत दुसरं कुणी नको, असं तिने आधीच बजावलं. मी दाराआड उभा राहिलो.

"आजी, पूर्ण नाव सांगा."

"सुंदराबाई पाईकराव."

"मधलं नाव?"

"ते कार्डावर हाय की."

"बरं. जन्मतारीख?"

"एक जून. ती यांनीच ठरवली. यांचीबी एक जूनच हाय, यांच्या गुरुजींनी ठरवलेली."

मुलगी हसली. मलाही बरं वाटलं, म्हटलं जमतंय. मग तिने विचारलं, "पतीचं नाव?"

सुंदराने हातातलं पॅन कार्ड पुन्हा पुढे धरलं.

"आजी, मिस्टरांचं नाव सांगा."

"आमचे हे."

"हो, पण नाव?"

"घरातच असतात ते. बोलवू का?"

"नाही नाही, तुम्हीच सांगायचं, नाव सांगा फक्त."

एवढी वणवण करून इथपर्यंत आलो आणि गाडी अडली कशावर, तर माझ्या नावावर! मी दाराआडून ओरडलो, "धोंडिराम! सांग ना, धोंडिराम!"

झालं. "आजी, शेजारून कुणीतरी सांगतंय, मला कॉल बंद करावा लागेल, सॉरी हं," आणि पडदा काळा. मी सुंदराला वाट्टेल ते बोललो. ती साडीच्या निऱ्या सोडत शांतपणे म्हणाली, "तुमीच ओरडलात. मी कुठं ओरडले?"

६ फेब्रुवारी

छातीत दुखलं. जिभेखाली गोळी ठेवली, बरं वाटलं. सुंदरा विहारात गेली होती, तिला कळलं नाही. गोळ्यांची पट्टी तिने कधी टीव्हीजवळ आणून ठेवली कोण जाणे. कालपर्यंत कपाटात होती.

११ फेब्रुवारी

गेले काही दिवस तिची तालीम घेतो आहे. आधी समजावलं, की ही अंधश्रद्धा आहे, आपण ती केव्हाच मागे टाकली. तिने मान डोलावली. मग म्हटलं, लाज वाटत असेल तर उखाण्यात घे. आमच्या लग्नात सगळ्यांनी तिला आग्रह केला, पण ही तेव्हाही फुरंगटून बसली होती. मी स्वतः रचून दिला: 'व्हिडिओवर बसले, पॅन कार्ड दाखवते, धोंडिरामरावांचं नाव बँकेला सांगते.' काही वाईट नाही! ती पहिल्या दोन तुकड्यांपर्यंत छान म्हणते. तिसऱ्याला तोंड मिटते.

"इतकी वर्षं संसार केलास, मी काय वाघ आहे?"

"वाघ असता तर बरं झालं असतं. वाघाचं नाव घेता येतं."

बाई हट्टी आहे. याला माझ्याकडे औषध नाही.

१३ फेब्रुवारी

दुसरा कॉल. या वेळी मी घराबाहेर, पार लिफ्टजवळ जाऊन उभा राहिलो, म्हणजे बोलायचा मोह नको. पण खिडकी पॅसेजमध्येच उघडते. आज पुरुष अधिकारी होता. "मॅडम, पतीचं नाव? मॅडम? तुमचा आवाज येत नाही. हॅलो? माइक सुरू आहे का?" तो बिचारा नेटवर्कला दोष देत राहिला. सुंदरा मोबाईलकडे सरळ बघत बसली होती, ओठ घट्ट मिटून. शेवटी त्यानेच कॉल ठेवला. ॲपवर आलं, अर्ज थांबवला आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा प्रयत्न करा.

मी आत आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. डोळे लाल होते. म्हणाली, कांदा चिरते आहे. घरात कांदा नव्हता, सकाळीच मला आणायला सांगितला होता आणि मी विसरलो होतो. कुणाकडून मागून आणला असेल.

३ मार्च

हॉस्पिटलमधून फोन आला, पुढच्या आठवड्यातली तारीख मिळते आहे. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात द्या. बाई म्हणाली, "काका, रिपोर्ट बघितलात ना तुमचा?" बघितला, म्हटलं. ऑपरेशनचं फक्त संघमित्राला सांगितलं आहे; तिने तारीख विचारली तेव्हा सांगून टाकलं की हॉस्पिटलनेच पुढे ढकललं.

ढकलली तर आहे, पण झोप लागत नाही. डोळे मिटले की लता दिसते, हातात फाईल, बँकेच्या बाकावर बसलेली. मग तिचं तोंड सुंदराचं होतं. मला मरणाची भीती वाटते का? वाटते. पण त्याहून जास्त भीती या गोष्टीची वाटते की काउंटरवरचा कुणी पोरगा सुंदराला विचारेल, "तुम्ही कोण?" आणि तिला सिद्ध करता येणार नाही.

९ मार्च

आज घरात वाट लागली. संघमित्राने हॉस्पिटलला फोन करून खरं काढलं आणि सकाळीच मुलुंडहून रिक्षा करून आली. चप्पलही दारात न काढता आत.

"पप्पा, तारीख तुम्ही पुढे ढकललीत? कशासाठी?"

"आईचं खातं झालं नाही अजून."

"खातं? यार पप्पा, खातं? तुमच्या तीन नळ्या ब्लॉक आहेत आणि तुम्ही ॲप ॲप खेळताय?"

मी खुणेने तिला गप्प करत होतो, सुंदरा आत होती. पण सुंदरा पोळी लाटता लाटता तिथूनच म्हणाली, "ओरडू दे तिला. मला ठाऊक हाय. जानेवारीतच तुमी विहारात गेलात तवा ते रिपोर्टचे कागद घेऊन मी धवलकडं गेले व्हते. त्यानं वाचून दावलं."

म्हणजे जानेवारीपासून हिला माहीत होतं! मला इतका राग आला. एवढं सगळं मी तिच्यापासून लपवलं, छाती धरून जिने चढलो, चपलेचे पट्टे सैल केले, ते काय उगाच?

"माहीत होतं तर मग नाव का नाही सांगितलंस? त्याच दिवशी खातं झालं असतं, आत्तापर्यंत ऑपरेशन होऊन मी घरी आलो असतो!"

लाटणं हातात घेऊन ती बाहेर आली. "माहीत व्हतं म्हणूनच नाही सांगितलं."

याचा अर्थ मला लागला नाही. रागात माणूस काहीही बोलतो. संघमित्रा मात्र आईकडे बघत राहिली, आणि मग तिने जाऊन तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

सुंदरा म्हणाली, "आधी ऑपरेशन. तुमी घरी या. मग त्या बँकेच्या पोरीला काय इचारायचं ते इचारू द्या. तवर मी त्या फोनसमोर बसणार नाही. साडीबी नेसणार नाही."

दोघी एका बाजूला झाल्या की माझं काय चालतं? महिनाअखेरची तारीख घेतली.

२६ मार्च

उद्या ॲडमिट.

चलन नसताना माल गेटबाहेर निघाला आहे. सगळी फाईल सुंदरासमोर उलगडली. हा विम्याचा कागद, हे पासबुक, हा घराचा. तिने काही बघितलं नाही. डबा भरत राहिली. हॉस्पिटलमध्ये खाऊ देणार नाहीत, मी सांगितलं. "मग मी खाईन, तिथं बसून," म्हणाली.

मला भीती वाटते आहे. हे कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो. कारखाना बंद झाला त्या दिवशीही इतकी वाटली नव्हती. जाण्याची भीती वाटते, आणि खातं अर्धवट ठेवून जाण्याची त्याहून वाटते. सुंदराला म्हटलं, "राहिलंच बघ ते." ती म्हणाली, "राहू द्या ना. राहिलेल्या कामाला माणूस परत येतो."

एवढंच. पेन ठेवतो.

१२ एप्रिल

अक्षर बिघडलं आहे. घरी आलो आहे. छातीवर उभी शिवण आहे, खोकलो की उशी धरावी लागते. डॉक्टर म्हणाले, काम छान झालं, आता नळ्यांची काळजी सोडा आणि जिभेची करा. त्यांचा रोख खारट खाण्यावर होता.

आज संघमित्राने एक गोष्ट सांगितली, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आयसीयूत एकेकाला आत सोडत होते. संघमित्रा खाली औषधं आणायला गेली होती. दारावरच्या वॉचमनने सुंदराला विचारलं, "पेशंटचं नाव?" नाव सांगितल्याशिवाय सोडायचं नाही, असा तिथला नियम. दोन पेशंटची अदलाबदल नको म्हणून. सुंदरा बोलेना. त्याला वाटलं मुकी आहे की काय. मागचे लोक ओरडायला लागले, "आजी, सांगा ना, नाहीतर बाजूला व्हा." ती बाजूला झाली. भिंतीला टेकून उभी राहिली. आत जायची वेळ संपत आली तरी उभीच. मग पुन्हा पुढे गेली, ब्लाउजची बाही वर सरकवली आणि दंड त्याच्या तोंडासमोर धरला. तो अक्षर लावून वाचायला लागला, "धों-डि-राम." वेलांटी वाकडी असल्यामुळे मध्ये अडखळला म्हणे. मग त्याने दार उघडलं.

"मी जिन्यातून वर येत होते, लांबून बघितलं," संघमित्रा म्हणाली. "पप्पा, आईला लाज नव्हती वाटत. तिला भीती वाटत होती. तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

नव्हतं कळलं. मी आत नळ्या लावून पडलो होतो, ती दारात उभी होती, मध्ये फक्त एक शब्द होता, आणि तो शब्द उच्चारला तर आत मी मरेन असं तिला वाटत होतं. म्हणून ती तशीच उभी राहिली. आणि मी तिला उखाणा रचून देत होतो!

अंधश्रद्धा आहे, हे मी अजूनही म्हणेन. पण आज ते तिच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नाही, शिवलेली असो की नसो.

संध्याकाळी ती पेज घेऊन आली. मी म्हटलं, "सुंदरा, नको घेऊस नाव. खातं राहू दे. दुसरी काहीतरी वाट काढू."

तिने चमचा माझ्या तोंडात कोंबला. "बघू," म्हणाली.

१७ एप्रिल

चौदा तारखेच्या जयंतीच्या निळ्या पताका अजून पॅसेजमध्ये लटकल्या आहेत. मिरवणूक यंदा मी आतल्या खोलीच्या खिडकीतून बघितली.

आज सकाळी सुंदरा स्वतःच मोबाईल घेऊन माझ्यासमोर आली. "खालचं नाव बदलून द्या आधी."

"कुठलं?"

"पोरीचं काढा. तुमचं टाका."

मी हिशोब सांगायला लागलो, की वयाने लहान माणसाचं नाव असलेलं बरं. ती म्हणाली, "मी आधी गेले तर? तवा पैसे कोण खाणार, तुमी की बँक? टाका म्हणते ना." टाकलं. नाव धोंडिराम पाईकराव, नातं पती. जानेवारीत हाच रकाना मी किती सहज भरला होता, आणि ती त्या दिवशी पुढचं पान बघायला तयार नव्हती, ते आता आठवलं.

अकराच्या सुमारास ती निळी साडी नेसून खिडकीजवळ बसली. मी बाहेर जायला उठलो तर म्हणाली, "तिथं कॉटवर बसा. पण आवाज नको." मी भिंतीला पाठ लावून, उशी छातीशी धरून बसलो. चित्रात दिसणार नाही इतका लांब, आणि तिला दिसेन इतका जवळ.

योगायोगाने पुन्हा अनुपमाच होती. तिने सुंदराला ओळखलं नाही, तिच्याकडे दिवसभर अशा कितीतरी म्हाताऱ्या येत असतील. पूर्ण नाव झालं. या वेळी मधलंही सांगेल असं वाटलं, पण तिने पुन्हा कार्डावर ढकललं. जन्मतारीख झाली. पॅन कार्ड उलटसुलट करून दाखवलं. कोऱ्या कागदावर सही केली, एक एक अक्षर सावकाश.

"आजी, नॉमिनी कोण ठेवलंय तुम्ही?"

सुंदराने पदर नीट केला. तिचा हात दंडावर, त्या गोंदणावर गेला आणि तिथेच राहिला. खालून भाजीवाला ओरडत गेला. मला वाटलं, आता बाही वर करते की काय. मी श्वास धरला होता, डॉक्टरांनी धरू नका सांगितलं असताना.

"धोंडिराम," ती म्हणाली.

"पूर्ण नाव, आजी?"

"धोंडिराम पाईकराव. माझा नवरा."

आणि लगेच मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं. तोंड पांढरं पडलं होतं तिचं. माझ्या चेहऱ्याकडे, मग छातीकडे, उशी वरखाली होते आहे ना तिकडे.

"आजी, कॅमेऱ्याकडे बघा. इकडे तिकडे बघायचं नाही. आजी? तिकडे कुणी आहे का?"

"थांब गं बाई जरा," सुंदरा म्हणाली. "बघू दे मला."

मी हात वर करून दाखवला.